ओसीडीवर ओसीबीचा उतारा

‘मी ना जाम ओसीडी आहे यार!’

हे वाक्य आपल्या ऑफिसात दिवसातून तीनदा तरी ऐकू येतंच. कुणाचा डेस्क चकाचक असतो, कुणाला एक्सेलच्या कॉलमची रुंदी सारखीच लागते, कुणी डब्यातल्या भाजीचा रस पोळीला लागू देत नाही... की लगेच स्वतःला ओसीडी लावून मोकळे. मीही लावायचे. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक्स उभ्याच राहिल्या पाहिजेत वगैरे. एकदम कूल वाटायचं. लोक नावापुढे सीए लावतात, एमबीए लावतात, तशी आपली ओसीडी!

मग मी टेस्टरच्या मोबाइलची गॅलरी बघितली.

टेस्टर म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र. हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणून इथे टेस्टर. (खरं नाव छापलं तर तो मला मारेल, आणि त्याची आई त्याला.) २०२१ च्या डिसेंबरात आम्ही सहाजण गोव्याला गेलो होतो. बीचवरचे फोटो पाठव म्हटलं, तर त्याने ‘तूच घे ना’ म्हणत फोनच हातात दिला. काय दिला हे बहुतेक त्याच्या लक्षात आलं नाही. मी स्क्रोल करत गेले. सूर्यास्त, आम्ही, सूर्यास्त, बीअर, आम्ही... आणि मग गॅसचं बटण. पुन्हा गॅसचं बटण. रेग्युलेटर. कुलूप. गॅसचं बटण. कुलूप, कुलूप, कुलूप. मला वाटलं फोन हँग झालाय. मग तारीख-वेळ बघितली. निघायच्या दिवशी पहाटे ४ वाजून ५० मिनिटं ते ५ वाजून ३५ मिनिटं. त्या पंचेचाळीस मिनिटांत एकाच शेगडीचे एकसष्ट फोटो.

आणि आम्ही खाली गाडीत बसून हॉर्न मारत होतो. ‘मेकअप करतोय का रे?’ म्हणून.

त्या रात्री शॅकवर बाकीचे झोपायला गेल्यावर त्याने सांगितलं. बारावीपासून आहे म्हणाला. घरातून निघताना विचार येतो, गॅस चालू राहिला तर? स्फोट होईल. खालच्या मजल्यावर एक छोटी मुलगी आहे, ती जाईल. आणि ते माझ्यामुळे. मग तपासायचं. तपासून दार लावलं की पुन्हा तोच विचार. ‘डोळ्यांना दिसतं गं बंद आहे. पण ‘बंद आहे’ असं वाटत नाही.’ हे वाक्य मी अजून विसरले नाहीये. दिसतं, पण वाटत नाही. गाडीवरून जाताना स्पीडब्रेकर लागला तर कुणाच्या अंगावरून तर गेलो नाही ना, म्हणून मागे फिरून बघायचं. कर्वेनगरहून निघून चांदणी चौकापर्यंत जायचं आणि तिथून परत यायचं, गॅस बघायला. ऑफिसात सगळ्यांना वाटतं याला ट्रॅफिक लागतो.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) कामात तो स्टार होता. तपासण्याचेच पैसे मिळतात त्याला. दर अप्रेझलमध्ये ‘अटेन्शन टू डिटेल’ला पाचपैकी पाच.

मराठीत याला चांगला जुना शब्द आहे, मंत्रचळ. माझी आजी तो सर्रास वापरायची. शेजारच्या एक मावशी नळ धुऊन मग हात धुवायच्या, हात धुऊन पुन्हा नळ धुवायच्या, त्यांना मंत्रचळ लागलाय म्हणायची. मात्र स्वतःच्या सोवळ्याला तिने तो शब्द कधी लावला नाही, हेही खरं. आपल्याकडे हा आजार सोवळ्यात, शिस्तीत, ‘जबाबदार मुलगा’ असण्यात बेमालूम लपतो. टेस्टरची आई कराडहून आली की कौतुकाने सांगायची, ‘आमच्याकडे गॅस बघायला याच्यासारखा कोणी नाही हो!’ काकूंना काय माहीत.

आणि फार दुर्मीळ वगैरे नाही हं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ओसीडीचं प्रमाण ०.८ टक्के निघालं होतं. म्हणजे हजार माणसांच्या कंपनीत आठजण. ते आठजण ‘मी जाम ओसीडी आहे’ म्हणत नाहीत. ते टॉयलेटमध्ये जास्त वेळ असतात, किंवा रोज उशिरा येतात.

असो. तर त्या रात्री शॅकवर माझ्याकडे एक जॉइंट होता.

हे लिहायला नको होतं असं संपादक म्हणतील, पण हे सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. टेस्टरने तोपर्यंत आयुष्यात सिगारेटही ओढली नव्हती. मीच म्हटलं, ‘घे रे, डोकं शांत होईल.’ ओसीबीच्या कागदात गुंडाळलेलं ते मीच त्याच्या हातात दिलं. ओसीडीवर ओसीबी, असा फालतू जोकही मारला. एका अक्षराचा तर फरक!

आणि डोकं शांत झालं की!

खोटं कशाला सांगू? तासाभराने तो वाळूत आडवा झाला आणि म्हणाला, ‘रेडिओ बंद झाला.’ दहा वर्षं कुणीतरी कानाशी धरलेला रेडिओ. त्या रात्री त्याने खोलीला कुलूप एकदाच लावलं. एकदाच! मला अगदी नोबेल मिळाल्यासारखं वाटलं. डॉक्टर-बिक्टर सगळे झक मारतात, आपल्याला फंडा सापडला.

पुण्यात आल्यावर त्याने स्वतःचा स्वतः सोर्स शोधला. आधी शनिवारी रात्री. मग रोज रात्री, कारण झोप छान लागते. मग रविवारी दुपारी, कारण सोमवारचं टेन्शन. २०२२ च्या दिवाळीपर्यंत गाडी सकाळवर आली होती. घरातून निघायच्या आधी गॅलरीत उभं राहून दोन-चार झुरके मारायचे, रेडिओचा आवाज कमी झाला की कुलूप लावायचं आणि पळायचं. आता ऑफिसात वेळेवर पोचतो म्हणून टीम लीडने त्याचं जाहीर कौतुक केलं. हसावं का रडावं?

मी तेव्हा त्याला ‘मेडिकल यूज आहे रे तुझा’ म्हणायचे. अमेरिकेत चालतं, कॅनडात चालतं, आपल्याकडे तर शंकराचा प्रसाद! मी पत्रकार असूनही त्या काळात एक पेपर उघडून वाचला नाही. नंतर वाचले, आणि मजा बघा, माझ्या बाजूचाही पुरावा सापडला. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास छापला. ओसीडी असलेले ८७ जण एका अॅपवर गांजा घेण्याआधी आणि नंतर आपली लक्षणं नोंदवत होते. एकतीस महिन्यांच्या १,८१० नोंदी. घेतल्यानंतर पुन्हा पुन्हा करायची ओढ सरासरी ६० टक्क्यांनी कमी, नको ते विचार ४९ टक्क्यांनी कमी, अस्वस्थता ५२ टक्क्यांनी कमी. म्हणजे टेस्टरचा रेडिओ खरंच बंद होत होता. तो काही नाटक करत नव्हता.

पण त्याच पेपरात खाली आणखी एक गोष्ट आहे. महिने उलटले तरी गांजा घेण्याआधीची लक्षणं होती तेवढीच राहिली. प्रत्येक वेळी तासा-दोन तासांसाठी खाली आणि पुन्हा मूळ पदावर. नको त्या विचारांवरचा परिणाम तर हळूहळू घसरतही गेला. शिवाय ही सगळी गांजा घेणारीच मंडळी. न घेणारं कुणी तुलनेला नव्हतंच.

तुलना केली कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी. २०२० मधला अभ्यास, अगदी छोटा, चौदा माणसांचा. ओसीडी असलेल्या आणि आधी गांजा ओढलेल्या लोकांना प्रयोगशाळेत तीन वेगवेगळ्या वेळी तीन प्रकारचा माल ओढायला दिला. एक टीएचसीवाला, म्हणजे नशा आणणारा. दुसरा सीबीडीवाला, ज्याच्या तेलाच्या बाटल्या हल्ली जिकडेतिकडे दिसतात. आणि तिसरा नुसताच पाला, त्यातलं सगळं काढून टाकलेलं. तिन्ही वेळा लक्षणं थोडी थोडी उतरली, पण तिन्हींत म्हणावा असा फरक नाही. उलट ओढल्या ओढल्या सगळ्यात कमी अस्वस्थता कशाने, तर त्या नुसत्या पाल्याने! चौदा माणसांवरून जगाचा निकाल लावता येत नाही हे मान्य. पण ‘घे रे, डोकं शांत होईल’ हा माझा निकाल तर एकाच माणसावरून होता.

मेंदूत गांजासाठी कुलपासारखी एक जागा असते, हे तोपर्यंत मला फक्त ऐकून माहीत होतं. त्या जागेत बसणारं शरीराचं स्वतःचं एक रसायन आहे, जेरुसलेममधल्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये शोधलेलं. त्याला त्यांनी नाव दिलं आनंदामाइड. आपल्या संस्कृतमधल्या ‘आनंद’वरून. एवढं गोड नाव वाचून कुणालाही वाटेल, मग घ्यायला काय हरकत आहे?

हरकत टेस्टरला २०२३ च्या जुलैत कळली. मोठ्ठ्या रिलीजचा दिवस, धो धो पाऊस. नेहमीपेक्षा जास्त ओढून तो निघाला. दाराला कुलूप लावलं, जिना उतरला, आणि आपण गॅस तपासला की नाही हेच त्याला आठवेना. आधी ‘तपासलंय पण वाटत नाही’ असं होतं. आता तपासल्याची आठवणच गायब. गांजाने तात्पुरती स्मरणशक्ती मंदावते, हे तर अगदी शाळकरी ज्ञान आहे. ज्याचा अख्खा आजारच ‘मी केलं की नाही’ या शंकेवर चालतो, त्याने नेमकं तेच औषध घ्यायचं! वर गेला, तपासलं, खाली आला, विसरला. वर, खाली, वर, खाली. छाती धडधडायला लागली, मरतोय असं वाटलं, म्हणून शांत व्हायला त्याने आणखी ओढला. मला फोन आला तेव्हा तो अडीच तास जिन्यात होता. मी पोचले तर तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेला, बॅग पाठीवर, रेनकोट घातलेला, आणि हातात काढलेला रेग्युलेटर. सिलिंडरचा रेग्युलेटरच काढून सोबत घेऊन निघाला होता. म्हणाला, ‘हा माझ्याकडे आहे म्हणजे बंद आहे ना गं?’

खालच्या मजल्यावरची ती मुलगी शाळेचा डबा हलवत त्याच्याकडे बघत उभी होती.

आधी एकदा त्याने कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला होता. तिथल्या काउन्सेलरने त्याला प्राणायाम सांगितला. त्यामुळे या वेळी मी सरळ सायकिअॅट्रिस्टची अपॉइंटमेंट घेतली आणि सोबत गेले. डॉक्टर मॅडमनी विचारलं, ‘काही घेता का? दारू, सिगारेट, गांजा?’ त्याने माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे. मॅडम म्हणाल्या, ‘पोलिसांना नाही सांगायचंय, मला औषध ठरवायचंय.’ तेव्हा कुठे तोंड उघडलं. ही भीती फार जणांना असते म्हणून मुद्दाम लिहितेय. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात पेशंटच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. गांजा बाळगणं मात्र १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गुन्हाच. एक किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ धरतात, तरीही वर्षभरापर्यंतची कैद किंवा दहा हजारांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही. ‘मेडिकल यूज’ ही माझी सबब तिथे चालली नसती. भांगेचं नुसतं पान त्या व्याख्येत बसत नाही हे खरं, पण त्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे, आणि टेस्टर काही पानं चघळत नव्हता.

मला वाटलं मॅडम आता गांजावर लेक्चर देणार. त्यांनी विचारलं, ‘ओढल्यावर किती वेळा तपासता आणि न ओढता किती वेळा?’ त्याने आकडे सांगितले. मग त्या म्हणाल्या, ‘आणि ओढायचंच राहिलं तर? घरातून निघता येतं?’

नाही. गेले आठ महिने एकदाही नाही.

‘मग तेही तपासण्यासारखंच झालं ना,’ मॅडम म्हणाल्या.

टेस्टर पार उडाला. म्हणजे गॅसचं बटण, कुलूप, फोटो आणि चौथा गांजा. भीती वाटली की हे केलंच पाहिजे, मग थोडा वेळ बरं, मग पुन्हा भीती. आम्ही ज्याला दीड वर्ष औषध म्हणत होतो, ते आजाराच्याच यादीत जाऊन बसलं होतं.

औषध म्हणून मिळाली साध्या गोळ्यांची स्ट्रिप, डिप्रेशनसाठी देतात त्याच जातीची. फक्त ओसीडीला डोस जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे. गोळ्या एकट्या पुरतातच असं नाही, म्हणून सोबत ईआरपी नावाची थेरपी. तिचं मूळ १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने केलेल्या उपचारांत आहे. फंडा ऐकायला सोपा आणि करायला भयानक. ज्याची भीती वाटते ते करायचं, आणि नंतर जे केल्याशिवाय राहवत नाही ते करायचं नाही. गॅसवर चहा करायचा, बटण एकदा बंद करायचं, फोटो न काढता बाहेर पडायचं, आणि आतून जे काही उसळेल ते उसळू द्यायचं. ते आपोआप खाली येतं हे शरीराला स्वतः अनुभवावं लागतं. गांजाची गोची नेमकी इथेच होते. तो ती लाट येऊच देत नाही. मग ती ओसरते हे कळणार कधी?

थेरपिस्टने सांगितलेला एक प्रयोग टेस्टरला फार आवडला, टेस्टिंगवालाच ना शेवटी. व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट या डच संशोधकांनी २००३ मध्ये कॉम्प्युटरवर एक खोटी गॅसची शेगडी बनवली. चांगल्या धडधाकट विद्यार्थ्यांना ती पुन्हा पुन्हा चालू-बंद करून तपासायला लावली. शेवटी विचारलं, आत्ता काय तपासलंत? उत्तरं बरोबर आली. पण विद्यार्थ्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडाला होता, आठवण धूसर वाटायला लागली होती. म्हणजे शंका येते म्हणून आपण तपासतो, आणि तपासतो म्हणून शंका वाढते. कुणालाही, ओसीडी नसली तरी. ‘एकसष्ट फोटोंचा बग सापडला,’ टेस्टर म्हणाला. (हॉलंडमध्ये कॉफीशॉपात गांजा मिळतो, हे मी त्याला आठवून दिलं नाही. मोह झाला होता.)

गांजा सोडतानाचे पहिले पंधरा दिवस वाईट गेले. झोप नाही, घाम, चित्रविचित्र स्वप्नं, आणि माझ्यावर चिडचिड. एकदा फोनवर म्हणाला, ‘तूच दिला होतास.’ मी म्हटलं, ‘हो.’ पुढे दोघांनाही काही सुचेना. फोन तसाच चालू राहिला, मागे त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

आता बरा आहे का? बारा-पंधरा वेळा तपासायचा, ते दोन-तीनवर आलंय. काही दिवशी एक. रिलीजच्या आठवड्यात पुन्हा सहा. मध्ये एका लग्नात दोन झुरके मारले, दुसऱ्या दिवशी स्वतःच थेरपिस्टला सांगून आला. आणि एका मुद्द्यावर आमचं अजूनही भांडण होतं. तो म्हणतो, ‘ते दीड वर्ष मी गांजावर काढलं नसतं तर नोकरी गेली असती, कदाचित मीही गेलो असतो.’ मी म्हणते, ‘ते दीड वर्ष गांजा नसता तर दीड वर्ष आधी डॉक्टरकडे गेला असतास.’ दोघांकडेही पुरावा नाही. माझं म्हणणं मला जास्त पटतं, पण ते मलाच जास्त टोचतं, त्यामुळे त्यावरही माझा फारसा विश्वास नाही.

(आत्ता हे वाचताना कुणाला स्वतःची गॅलरी आठवली असेल तर टेलिमानसचा नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.)

थेरपिस्टने मलाही एक होमवर्क दिलंय. टेस्टरने ‘गॅस बंद होता ना?’ विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. ‘हो रे बाबा, बंद होता’ म्हणणं हाही एक छोटा जॉइंटच, असं त्यांचं म्हणणं. मला हे जमत नाही. काकूंना तर अजिबात जमत नाही, त्या फोनवर कराडहूनसुद्धा ‘बंदच असेल हो’ म्हणतात.

परवा रविवारी आम्ही मिसळ खायला निघालो. त्याने चहाचं पातेलं उतरवलं, बटण फिरवलं, दार ओढलं. माझ्या डोळ्यांसमोर. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर आलो आणि तो थांबला.

‘गॅस बंद होता ना गं?’

‘माहीत नाही.’

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याची किडनी विकलीय. दोन पायऱ्या वर गेला. कठडा धरून उभा राहिला. मी मोबाइल काढला आणि काहीही न वाचता वाचत बसले. पाच मिनिटं गेली असतील, सहा असतील. खालच्या घराचं दार उघडलं, ती मुलगी सायकल घेऊन बाहेर आली आणि आमच्या मधून खडखडत खाली गेली.

‘चल,’ टेस्टर म्हणाला, ‘मिसळ संपेल.’